टसर पतंगाची ओळख पटली, पण मूळ गाव कुठलं?

जूनच्या शेवटी, पाऊस नुकताच लागलेला. नागपूरला काटोल रोडवरच्या एका अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर हॉलच्या पडद्याला एक मोठा पिवळसर पतंग चिकटलेला आढळला. पंखांवर चार गोल डोळे. घरात आजी, मुलगा, सून आणि सातवीतला नातू. आजींचं म्हणणं, हाकला त्याला, पण पंखांची भुकटी डोळ्यांत जाऊ देऊ नका, माणूस आंधळा होतो. नातवाने फोटो काढून फोनमधल्या अ‍ॅपला विचारलं. अ‍ॅप म्हणालं, अ‍ॅटलास. तासाभरात सगळ्या बिल्डिंगला ठाऊक झालं की जगातला एक सर्वांत मोठा पतंग आपल्याकडे उतरलाय. शेजारच्या एकाने फवारणीचा डबाही आणून ठेवला होता.

या भागात काही किडूकमिडूक निघालं की लोक मला फोन करतात, तसा सूनबाईंचा आला. "काका, हे काहून आलं आमच्या घरी? विषारी तं नाही ना जी?"

विषारी नाही, हे फोनवरच सांगता आलं. पंखांवरची भुकटी म्हणजे सूक्ष्म खवले. ते डोळ्यांत गेले तर थोडं चुरचुरेल, दृष्टी जात नाही. पतंग कोणता, हे तिथे पोचल्यावर लगेच कळलं. "काहून आलं" या प्रश्नाने मात्र हिवाळ्यापर्यंत काम दिलं, आणि या प्रकरणातला खरा मुद्दा तोच आहे.

ओळख कशी केली

फोटोवरून फोटो जुळवत बसलं की अ‍ॅपसारखं होतं. मोठा पतंग, तपकिरी-पिवळा रंग, पंखांवर नक्षी, की लाव अ‍ॅटलास. मी चार गोष्टी पाहतो: डोळ्यांची संख्या आणि जागा, मिशांचा आकार, सोंड आहे की नाही, आणि बसण्याची जागा.

अ‍ॅटलासच्या पंखावर गोल डोळा नसतोच. तिथे नितळ, त्रिकोणी खिडक्या असतात, आणि पुढच्या पंखाचं टोक बाहेर वळून त्यावर सापाच्या तोंडाचा भास होतो. त्याचा पसारा २४ सेंटीमीटरच्या आसपास जातो. शिवाय महाराष्ट्रात दिसणारा अ‍ॅटलास हा सह्याद्रीच्या ओल्या जंगलातला, अटॅकस टॅप्रोबॅनिस नावाचा त्याचा भाऊबंद. नागपूरच्या कोरड्या पानझडीत तो निघाला तर ती मोठीच बातमी ठरेल, आणि बातमी जितकी मोठी तितका पुरावा जास्त लागतो. पडद्यावरच्या पाहुण्याला पट्टी लावली, पसारा जेमतेम १६ सेंटीमीटर भरला.

दुसरा संशयित एरेबस मॅक्रॉप्स, ज्याला घुबड पतंगही म्हणतात. पावसाळ्यात नागपुरातल्या घरांत शिरलेला मोठा पतंग बहुतेक वेळा हाच निघतो. जिन्याखाली, मीटरच्या कपाटामागे, बाथरूमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तो दिवसभर पंख पसरून बसतो. पण तो काळपट असतो, ठसठशीत डोळा फक्त पुढच्या पंखांवर, एका बाजूला एक. मिशा दोऱ्यासारख्या बारीक आणि सोंड व्यवस्थित. इथे चारही पंखांवर डोळे, मिशांना दोन्ही बाजूंनी केसाळ फाटे, आणि सोंडेचा पत्ता नाही. चंद्र पतंग हा फिकट हिरवा आणि लांब शेपट्यांचा, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता.

सोंडेवर मी एवढा भर देतो त्याला आपल्याकडे कारण आहे. काटोल, नरखेड, वरूडच्या संत्रा बागायतदाराला पतंग म्हटलं की पहिल्यांदा आठवतो फळातला रस शोषणारा पतंग. युडोसिमा वंशातला हा पतंग नारिंगी मागच्या पंखांचा, दिसायला देखणा. त्याच्या सोंडेला टोकाशी काटे असतात. त्या सोंडेने तो पिकत आलेल्या आंबिया बहाराच्या संत्र्याला रात्री भोक पाडतो, भोकातून बुरशी शिरते आणि फळ गळतं. गंमत म्हणजे त्याची अळी संत्र्याच्या झाडावर वाढतच नाही. ती वाढते बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. म्हणून तर बागेत धूर करतात, बांधावरच्या वेली काढा असंही सांगितलं जातं. सोसायटीतल्या ज्या गृहस्थांनी डबा आणला होता त्यांची नरखेडकडे बाग आहे. त्यांचा राग समजण्यासारखा होता, फक्त गुन्हेगार चुकला होता. आमच्या पतंगाला संत्र्याचं सोडा, पाण्याचा थेंबही पिता येत नाही. त्याचं तोंड निकामी असतं. अळी असताना खाऊन साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर जगतो आणि मरतो.

शेवटची खूण ट्यूबलाइटने दिली. पंख प्रकाशासमोर आला तेव्हा प्रत्येक डोळ्याच्या मध्यभागी नितळ ठिपका चमकला. तिथे खवले नसतात, नुसता पारदर्शक पापुद्रा. पलीकडचा पडद्याचा धागा त्यातून दिसत होता. नातवाने ते पाहिलं आणि अ‍ॅटलास हुकल्याचं दुःख तिथेच संपलं.

हा टसरचा रेशीम पतंग, अँथेरिया मायलिट्टा. ड्र्यूरी या इंग्रज कीटकअभ्यासकाने १७७३ साली त्याला मायलिट्टा हे नाव दिलं. काही अभ्यासक त्याला लिनियसच्या १७५८च्या पॅफिया या नावाखाली धरतात. दोन्ही नावं पुस्तकांत भेटतात, त्यामुळे गोंधळून जायचं कारण नाही. मिशांचे फाटे आखूड, पोट फुगीर आणि पुढच्या पंखाचं टोक फारसं वळलेलं नाही, म्हणजे मादी. नर बहुधा तांबूस तपकिरी असतो, त्याचा पुढचा पंख विळ्यासारखा वाकतो आणि मिशा चांगल्या रुंद, पिसाऱ्याच्या असतात.

घरात कशी आली

टसर म्हटलं की विदर्भातल्या माणसाला करवत काठी साडी आठवते, भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावचे माग आठवतात. कोसा कापड आपण लग्नात नेसतो, नेसवतो. ते विणणारा किडा मात्र शहरात कुणी पाहिलेला नसतो. टसरच्या अळ्या रेशमाच्या शेडमध्ये वाढत नाहीत, त्या उघड्या रानातल्या झाडांवर चरतात. मुख्य झाडं ऐन, म्हणजे इकडचा येन, आणि अर्जुन. बोरही चालते. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडे ढीवर समाजाची माणसं पिढ्यान् पिढ्या हे काम करत आली आहेत. अळ्या झाडावर सोडायच्या आणि मग गोफण घेऊन दिवसभर पाखरं हाकत बसायचं, असा हा धंदा.

मग रानातला हा जीव तिसऱ्या मजल्यावरच्या पडद्यावर कसा? दिव्याला आला, हे सोपं उत्तर सगळ्यांनी दिलं. मला ते पटेना. दिव्याला येतात ते बहुतेक नर. मादी अंड्यांनी जड असते, ती सुरुवातीच्या रात्री फार उडत नाही. हिचे पंख कोरे होते, कडांना एक ओरखडा नाही. पडद्यावर खाली सुकलेला ओघळही होता. कोषातून बाहेर पडल्यावर पतंग पंख फुगवून वाळवतो आणि पोटातलं साठलेलं द्रव्य टाकतो, त्याचा हा डाग. तेव्हा ही आली नव्हती, इथेच जन्मली होती. कोष जवळपासच असायला हवा होता.

तो पडद्याच्या दांडीवर होता. हिवाळ्यात एका हस्तकला प्रदर्शनातून सूनबाईंनी तोरण आणलं होतं. त्यात मणी, लाकडी पक्षी आणि सात राखाडी-पिवळे, कडक, अंडाकार "बी". विकणाऱ्याने रानातल्या बिया म्हणून सांगितलं होतं. ते टसरचे कोष होते. प्रत्येकाला देठ, आणि देठाच्या टोकाला कडं. अळी कोष विणायला बसते तेव्हा आधी डहाळीभोवती हे कडं गुंडाळते, त्याला देठ लावते आणि मग खाली कोष बांधते. पान गळलं तरी कोष झाडावर टिकतो तो या कड्यामुळे. तोरण करणाऱ्याला ते आयतं सापडलं.

सातपैकी एकाला देठाच्या बाजूला भोक होतं. कडेचे धागे तुटलेले नव्हते, ओले होऊन बाजूला सारलेले होते. आतला पतंग तोंडातून कोकूनेज नावाचं पाचकद्रव्य सोडतो. ते धाग्यांना चिकटवून ठेवणारा डिंक विरघळवतं, रेशमाला हात लावत नाही. टसरचा कोष एरवी इतका टणक असतो की बोटाने दाबून दबत नाही. अळी विणकाम संपवताना त्यावर कॅल्शियम ऑक्सलेट असलेलं द्रव्य सोडते आणि भिंत पक्की करते. तेवढी भिंत फोडायला हा एकच उपाय आहे.

धागा काढायचे कोष वाफेने किंवा उन्हात ठेवून आतला जीव मारूनच बाजारात जातात. बीजकोष वेगळे. पुढच्या हंगामाच्या अंड्यांसाठी ते जिवंत ठेवतात आणि माळा करून हवेशीर खोलीत टांगतात. तोरणातला निदान एक कोष जिवंत होता, म्हणजे हा माल न मारलेला होता. कुणा गरजूने चार पैशांसाठी बियाणं विकलं असेल, किंवा पिकाचा उरलेला माल असेल. विकणाऱ्याचा पत्ता घरच्यांकडे नव्हता.

हिवाळ्यात आलेला कोष जूनमध्ये का फुटला, हे त्या मानाने सोपं आहे. आतला कोशित, म्हणजे अळी आणि पतंग यांच्या मधल्या अवस्थेतला जीव, हिवाळा आणि उन्हाळा झोपून काढतो आणि पावसाची ओल आली की जागा होतो. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत बंद फ्लॅटमधले कोष खरं तर करपायला हवेत. बीजकोषांची खोली गार ठेवतात ती याचसाठी. इथे तोरणासमोरच्या खिडकीत कूलर होता. दोन महिने त्याने खसच्या ओल्या हवेचा झोत थेट कोषांवर मारला होता. या घरात कोष वाचला तो कूलरच्या कृपेने, असं माझं मत आहे.

नर आला

पतंगाचं काय करायचं, यावर घरात मतभेद झाले. मी गॅलरीत, पावसाच्या आडोशाला, एका डहाळीला तिला बसवून ठेवायला सांगितलं. रात्री मादी पोटाच्या टोकाची ग्रंथी बाहेर काढून गंध सोडते. नराच्या पिसासारख्या मिशा त्या गंधासाठीच असतात. रेशीमकिड्याच्या मादीचा असा गंध रसायन म्हणून सगळ्यांत आधी वेगळा केला गेला, १९५९ साली. त्याआधी कुठल्याही कीटकाचा कामगंध कुणी ओळखून काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे गॅलरीत जोडी होती. तांबूस तपकिरी नर, पंखांच्या कडा विरलेल्या. टसरची जोडी उत्तररात्री जमते आणि सकाळी उन्हं वर येईपर्यंत तशीच राहू शकते. बीज तयार करणारे लोक काही तासांनी हाताने अलगद वेगळी करतात. आम्ही हात लावला नाही. दुपारी नर खाली पडलेला सापडला, मादीने संध्याकाळपासून अंडी घालायला सुरुवात केली.

आनंद व्हायला हरकत नव्हती, पण माझा प्रश्न वाढला. हा नर कुठला? तोरणातले उरलेले सहा कोष मी एकेक करून कानाशी हलवले. चार आत भरीव, जड वाजले, म्हणजे कोशित जिवंत. दोन सुके, खुळखुळणारे. भोक एकालाही नाही. म्हणजे नर या घरचा नव्हता. खालच्या मजल्यावरच्या ताईंनी त्याच प्रदर्शनातून तसंच तोरण घेतलं होतं, हे ऐकून मी उत्साहाने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळ्या "बियांना" सोनेरी ऑइल पेंट मारला होता. आतून काही निघणं शक्यच नव्हतं.

पुढे गोरेवाडा जंगल, पलीकडे फेटरीकडे जाणारा रस्ता. नर तिथून आला असावा, असं लगेच म्हणावंसं वाटतं. नातवाने तर नकाशावर खूण करायची तयारीही केली होती: टसर पतंग, नागपूर शहर, रानटी. मी थांबवलं. प्रदर्शनात तोरणं आणखी कितीतरी विकली गेली असणार, आणि एखाद्या तोरणातला नर खिडकीतून बाहेर पडून भटकत आला असेल. झिजलेले पंख तो उडाला होता एवढंच सांगतात, कुठून उडाला ते नाही. नकाशावरचा चुकीचा ठिपका कुणी खोडत नाही. पाच वर्षांनी तोच ठिपका कुणाच्या तरी यादीत "नागपूर शहरात आढळ" म्हणून छापला जातो.

अंडी, अळ्या, आणि एक नको असलेला पाहुणा

अंडी मसुराच्या दाण्याएवढी, चपटी, कडेने दोन तपकिरी रेघा असलेली, डहाळीला आणि गॅलरीच्या जाळीला चिकटवलेली. मादी मेल्यावर मी तिला फेकू दिलं नाही. प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापिकांकडून तिचं पोट खलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतलं. पेब्रिन हा रेशीमकिड्यांचा रोग आईकडून अंड्यांत उतरतो. आई तपासून मगच अंडी ठेवायची ही पद्धत पाश्चरने फ्रान्समध्ये बसवली आणि आजही टसरचं बियाणं तशीच तपासून देतात. त्या रोगाचे बीजाणू सापडले नाहीत.

तरीही अळ्या गोरेवाड्यात सोडायला मी नकार दिला. टसरच्या चाळीसहून जास्त स्थानिक जाती आहेत: डाबा, सुकिंदा, रैली, लारिया, सारिहान. आपल्या भंडाऱ्याचीही त्यांत एक आहे, आणि ती इथल्या झाडांना, इथल्या उन्हाला सरावलेली आहे. तोरणातली मादी कुठल्या राज्यातली, कुणाला माहीत? सोसायटीच्या मागच्या भिंतीजवळ एक अर्जुन आहे. त्याच्या खालच्या फांद्यांना नेटच्या पिशव्या बांधून अळ्या तिथेच वाढवायचं ठरलं.

आठवडा उलटल्यावर एका सकाळी अळ्या फुटल्या. काळ्या डोक्याच्या, मळकट पिवळ्या. पहिली कात टाकली की हिरव्या होतात. चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेतली अळी १० सेंटीमीटरच्या पुढे जाते, अंगावर चंदेरी ठिपके, आणि धक्का लागला की पुढचा भाग वर उचलून स्तब्ध बसते. खाण्याचा आवाज येतो. आजी संध्याकाळी खुर्ची टाकून तो ऐकत बसायच्या. भुकटीने आंधळं होण्याची गोष्ट त्यांनी नंतर काढली नाही.

पिशव्या असूनही नुकसान झालं. काही अळ्या लहानपणीच मुंग्यांनी नेल्या, एका पिशवीला भोक पडलं आणि गांधीलमाश्या शिरल्या. ऑगस्टमध्ये मोठ्या झालेल्या अळ्यांपैकी काहींच्या अंगावर बारीक काळे डाग दिसले आणि मी समजलो. उझी माशी. ती अळीच्या कातडीवर अंडं घालते, तिची अळी आत शिरते आणि टसरची अळी आतून पोखरते. तीन कोषांतून पतंगाऐवजी उझीच्या अळ्या निघाल्या. माळावर टसर पाळणाऱ्यांचं अर्धं पीक कशामुळे हातचं जातं, ते सोसायटीच्या मुलांनी इथे पाहिलं.

उझी माशीने मला मात्र एक धागा दिला. ती रेशीमकिड्यांवर जगते. त्यामुळे शहराच्या या टोकाला ती असणं म्हणजे तिचं पोट भरणारं काहीतरी आसपास असावं. पुरावा कच्चा, कारण तिला दुसऱ्याही काही अळ्या चालतात. पण कुठे पाहायचं ते कळलं.

झाडावर शोध

उडणारा पतंग त्याचं गाव सांगत नाही. कोष सांगतो, कारण डहाळीभोवती गुंडाळलेलं कडं माणसाला नंतर बसवता येत नाही. ते अळीनेच, त्याच जागी विणलेलं असतं. रिकामा कोषही झाडावर बराच काळ लटकत राहतो. म्हणून शोध लांबवला तो पानगळीपर्यंत. रस्त्याकडेच्या अर्जुनांवर काही नव्हतं. महापालिकेची छाटणी बघता असण्याची आशाही नव्हती.

पौषात नातू मित्रांबरोबर फेटरीच्या रस्त्याला बोरं वेचायला गेला आणि एक काटेरी डहाळी मोडून घेऊन आला. डहाळीवर पांढरट पडलेला, पावसा-उन्हाने झिजलेला टसरचा कोष. कडं डहाळीभोवती घट्ट, बोराचा काटा कड्याच्या आतून बाहेर आलेला. देठाशी भोक, धागे बाजूला सारलेले. आत कोशिताची रिकामी कात. कोष इतका जुना होता की आमच्या मादीच्या पिल्लांचा तो असणं शक्य नव्हतं, आणि आमची पिल्लं तर अर्जुनावर पिशवीत होती.

एका तरी अळीने त्या बोरीवर पानं खाल्ली, कोष विणला आणि पतंग होऊन ती उडाली, इतकं यावरून ठरतं. तिची आई जंगलातली होती की आणखी कुणाच्या तोरणातली, ते या कोषावरून ठरत नाही. त्यासाठी अजून कोष हवेत, वेगवेगळ्या वर्षांचे, आणि जंगलाच्या आतल्या येनांवरचे. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे शिरायचं नाही, हे मुलांना बजावून सांगितलंय.

नोंदी दोन केल्या, वेगवेगळ्या. पडद्यावरची मादी: टसर पतंग, घरात जन्मलेली, विकत आणलेल्या कोषातून, रानटी नाही. बोरीवरचा कोष: टसर पतंग, रिकामा कोष, यजमान झाड बोर, डहाळीसह जतन. नराची नोंद केली नाही. उरलेल्या चार जिवंत कोषांपैकी दोन जुलैमध्येच फुटले होते. दोघीही माद्या निघाल्या, आणि त्या दोन रात्री आम्ही खिडक्या बंद ठेवल्या.